कौल, कॉलेज आणि पेडणे-डिचोलीची मुले

श्रीगणेश हा चौदा विद्या आणि चौसष्ट कलांचा अधिपती. त्यामुळे आपल्या स्मरणिकेत दरवर्षी विद्येवर एखादा तरी लेख असतोच. कधी तो गुरुकुलांवर असतो, कधी तक्षशिला-नालंदावर. यंदा आम्ही इतके दूर जाणार नाही. पेडणे आणि डिचोली हे गोव्याच्या उत्तरेकडचे दोन तालुके. तिथल्या मुलांना पदवीपर्यंत पोहोचायला किती वर्षे लागली आणि त्या काळात त्यांची महाविद्यालये कोणत्या विद्यापीठाच्या छत्राखाली होती, एवढाच विषय घेतला आहे.

विषय सुचण्याचे कारण सांगून टाकतो. राष्ट्रीय शैक्षणिक धोरण 2020 साली आले, तेव्हापासून देशभर लहान महाविद्यालये एकमेकांत विलीन करावीत, त्यांचे समूह करावेत, अशी चर्चा चालू आहे. पण 'विलीनीकरण' हा शब्द उच्चारला की पेडण्या-डिचोलीतल्या सत्तरी-ऐंशी उलटलेल्या माणसांना विद्यापीठ आठवत नाही. त्यांना 1967 सालचा जनमत कौल आठवतो, फूल आणि दोन पाने आठवतात, आणि मग तासभर तरी गप्पा संपत नाहीत. या शब्दाशी आमच्या भागाचे नाते जुने आहे आणि ते कॉलेजच्या दारापर्यंत येऊन पोहोचते. ते कसे, ते पाहू.

पेडणे, डिचोली, सत्तरी हे तालुके पोर्तुगिजांच्या ताब्यात आले ते अठराव्या शतकाच्या उत्तरार्धात. पेडणे तर 1788 साली आले. त्याआधी हा मुलूख सावंतवाडीकर भोसल्यांचा. तिसवाडी, बारदेश, सासष्टी या जुन्या काबिजादी, तिथे पोर्तुगीज सत्ता सोळाव्या शतकापासून मुरलेली होती. आमच्या नव्या काबिजादीत ती आली तेव्हा धर्मांतराचा जोर ओसरला होता. देवळे राहिली, गावच्या रीती राहिल्या, मराठी राहिली. शिक्षणाचे म्हणाल तर देवळाच्या अग्रशाळेत नाहीतर कोणाच्या तरी पडवीत पंतोजी बसायचे आणि मुळाक्षरे, पाढे, मोडी वळण शिकवायचे. पंतोजी बहुधा वाडी-वेंगुर्ल्याकडचे. सीमा कागदावर होती, शिकवणारा मात्र पलीकडून येत होता.

राज्याची उच्च शिक्षणाची दारे वेगळीच होती. पणजीला 1842 साली वैद्यकीय शाळा निघाली. आशिया खंडातल्या पाश्चात्त्य वैद्यकाच्या जुन्या शाळांमध्ये तिची गणना होते आणि गोव्याला तिचा अभिमान आहे, तो असावाही. 1854 साली पणजीलाच लिसेंव सुरू झाले. ही दोन्ही ठिकाणे पोर्तुगीज भाषेची. पडवीतल्या पंतोजीकडे शिकलेल्या मुलाला लिसेंवात जायचे तर आधी पोर्तुगीज प्राथमिक शाळेत बसून सेगुंद ग्रावची परीक्षा द्यावी लागे. अशी शाळा जवळपास पाहिजे, शिकवणीला पैसा पाहिजे, आणि मग पणजीला राहायची सोय पाहिजे. लिसेंव संपल्यावर पुढे विद्यापीठ हवे असेल तर कोइंब्रा किंवा लिस्बन. साडेचारशे वर्षांच्या राजवटीत गोव्यात विद्यापीठ काही झाले नाही.

याच काळातले एक उदाहरण पेडण्याच्या माणसांनी विसरू नये. रामकृष्ण विठ्ठल लाड, म्हणजेच डॉ. भाऊ दाजी लाड, हे पेडणे तालुक्यातल्या मांद्रे गावचे. ते बालपणीच वडिलांबरोबर मुंबईला गेले, एल्फिन्स्टनमध्ये शिकले आणि ग्रँट मेडिकल कॉलेजच्या पहिल्या तुकडीतून 1851 साली वैद्यकीय पदवी घेऊन बाहेर पडले. पुढे ते मुंबईचे शेरीफ झाले, कुष्ठरोगावर औषध शोधत राहिले, शिलालेख वाचले, आणि आज भायखळ्याच्या संग्रहालयाला त्यांचे नाव आहे. मांद्र्याहून पणजी अंतराने जवळ, मुंबई शेकडो मैल लांब. पणजीची वैद्यकीय शाळा ग्रँट मेडिकलच्या आधी तीन वर्षे उघडलेली. तरीही मांद्र्याचा मुलगा डॉक्टर झाला तो मुंबईत. मैलांचा हिशेब पणजीच्या बाजूने होता, पण भाषेचा आणि ओळखीपाळखीचा हिशेब मुंबईच्या बाजूने.

हाच प्रकार पुढे शंभर वर्षे चालला. धर्मानंद कोसंबी साखवाळहून निघाले ते 1899 च्या सुमारास संस्कृत शिकायला पुण्याकडे. 1910 साली पोर्तुगालात प्रजासत्ताक आल्यावर हिंदूंना बरोबरीचे हक्क मिळाले आणि फोंडे-पणजीला शाळा काढणाऱ्या संस्था उभ्या राहू लागल्या. पणजीची मुष्टिफंड 1908 ची, म्हणजे त्याच्याही आधीची. गोवा विद्याप्रसारक मंडळ 1911 चे. मूठमूठ तांदूळ गोळा करून शाळा चालवायची ही कल्पना आज ऐकायला गोड वाटते, पण तेव्हा तांदूळही कोणाकडे फार नव्हता. इंग्रजी शिकलेली मुले मुंबई विद्यापीठाच्या मॅट्रिकला बसायची आणि पास झाली की बेळगाव, धारवाड, पुणे, मुंबई. पदवीचा रस्ता म्हणजे गाव सोडण्याचा रस्ता. ज्याच्या घरी शेतावर राबणारा एखादा भाऊ मागे होता आणि गिरगावात एखादा काका होता, त्यालाच तो रस्ता मोकळा. मुलींची गोष्ट निराळी सांगायला नको. पेडण्यातच जन्मलेल्या शशिकलाताई काकोडकर धारवाड आणि मुंबईत शिकल्या आणि पुढे गोव्याच्या मुख्यमंत्री झाल्या, पण त्या भाऊसाहेब बांदोडकरांच्या कन्या होत्या. गावातल्या इतर मुलींच्या मागे भाऊसाहेब नव्हते.

19 डिसेंबर 1961 ला गोवा मुक्त झाला. तेव्हा दहा माणसांत जेमतेम तिघे साक्षर होते. पहिली निवडणूक डिसेंबर 1963 मध्ये झाली आणि पेडण्यात जन्मलेले दयानंद तथा भाऊसाहेब बांदोडकर पहिले मुख्यमंत्री झाले. त्यांच्या राजवटीत गावोगाव मराठी प्राथमिक शाळा निघाल्या. देऊळ, घर, गोठ्याशेजारची खोली, जिथे जागा मिळाली तिथे शाळा. आमच्या आईवडिलांची पिढी याच शाळांतून बाहेर पडली. भाऊसाहेबांच्या राजकारणाबद्दल मंडळात दोन मते असतील, शाळांबद्दल मात्र दोन मते आम्ही अजून ऐकलेली नाहीत.

महाविद्यालयांची सुरुवातही लगेच झाली. जून 1962 मध्ये पणजीला धेंपे आणि मडगावला चौगुले अशी दोन महाविद्यालये उघडली. दोन्ही खाण-व्यवसायातल्या घराण्यांनी काढलेली. पुढल्या वर्षी म्हापशाला सेंट झेवियर्स आले. आणि ही सारी महाविद्यालये संलग्न कोणाला? मुंबई विद्यापीठाला. पणजीच्या जुन्या वैद्यकीय शाळेचे गोवा वैद्यकीय महाविद्यालय झाले, तेही मुंबईच्याच कक्षेत. शालान्त परीक्षा पुण्याच्या मंडळाची. गोव्याचे स्वतःचे शालान्त मंडळ निघाले ते 1975 साली. पदव्युत्तर शिक्षणासाठी मुंबई विद्यापीठाने पणजीला एक केंद्र चालवले होते, पण बाकी सर्व कारभार मुंबईहून.

आता 1967 कडे येऊ. 16 जानेवारीला जनमत कौल झाला. गोव्याने महाराष्ट्रात विलीन व्हावे की केंद्रशासित राहावे? विलीनीकरणाला फूल, केंद्रशासित प्रदेशाला दोन पाने. दोन पानांना 1,72,191 मते पडली आणि फुलाला 1,38,170. फरक 34,021 मतांचा. पेडणे, डिचोली, सत्तरी यांनी मात्र कौल फुलाला दिला होता. त्यामागे भाषेचे प्रेम होते, कूळ-मुंडकारांना जमीनदारीतून सुटण्याची आशा होती. आमचे मत विचाराल तर त्यात शाळा-कॉलेजचाही वाटा होता. नव्या काबिजादीतल्या माणसाला दीडशे वर्षे जी जी नोकरी, जी जी पुस्तके, जी जी परीक्षा मिळाली होती ती मुंबईकडून किंवा पुण्याकडून मिळाली होती. त्याने फुलावर शिक्का मारला यात नवल काय?

गंमत पुढेच आहे. राजकीय विलीनीकरण हरले, पण शैक्षणिक विलीनीकरण तसेच चालू राहिले. 1967 नंतरही अठरा वर्षे गोव्याचा प्रत्येक पदवीधर मुंबई विद्यापीठाचाच पदवीधर होता. ज्या सासष्टीने दोन पाने निवडली तिच्या मुलांच्या प्रमाणपत्रावर मुंबईचा शिक्का, आणि ज्या पेडण्याने फूल निवडले तिच्या मुलांच्याही. त्या काळच्या पदवीधरांना या शिक्क्याचा अभिमान होता. नोकरीच्या अर्जावर 'बॉम्बे युनिव्हर्सिटी' लिहिताना त्यांचे अक्षर जरा मोठे होत असे.

पण इथे एक प्रश्न कोणी विचारत नव्हते. देशातल्या नामवंत विद्यापीठाशी आपण इतके पक्के जोडलेले असताना पेडण्यात आणि डिचोलीत पदवीधर होत किती होते? पणजी, मडगाव, म्हापसा, नंतर म्हापशाजवळ आसगाव, फोंडा. कॉलेजे होती ती या पट्ट्यात. शापोरा नदीच्या उत्तरेला, पेडण्यात, एकही नाही. डिचोलीत खाणींच्या लाल धुळीने रस्ते माखलेले, ट्रकांच्या रांगा, पण कॉलेज नाही. विलीनीकरणाने शिक्का थोर दिला, पण केरी-तेरेखोलच्या मुलीला सकाळी आठच्या तासाला पोहोचवणारी गाडी दिली नाही.

त्या काळच्या प्रवासाचे थोडे सांगायला हवे, कारण आजच्या मुलांना ते खरे वाटत नाही. शिवोली आणि चोपड्याच्या मध्ये शापोऱ्यावर पूल नव्हता, फेरी होती. किनाऱ्याकडच्या गावांतून म्हापशाला यायचे तर फेरीची वाट पाहायची, नाहीतर पेडणे-कोलवाळ असा वळसा. कदंबा महामंडळ 1980 साली निघाले. त्याआधी खाजगी गाड्या, आणि त्या भरल्याशिवाय सुटायच्या नाहीत. पावसाळ्यात संध्याकाळी शेवटची गाडी चुकली की म्हापशाला ओळखीच्या घरी मुक्काम. मुलगा असला तर आई थोडी काळजी करायची. मुलगी असली तर दुसऱ्या दिवसापासून कॉलेज बंद.

आमच्या एका आतेबहिणीचे असेच झाले. ती बारावीला वर्गात पहिली आली. मास्तर घरी येऊन सांगून गेले की हिला पुढे शिकवा. आतोबा वाईट माणूस नव्हते. त्यांनी गाड्यांचे वेळापत्रक विचारले, परत येण्याची वेळ विचारली, आणि गप्प बसले. दोन वर्षांत तिचे लग्न झाले. आजही ती वर्तमानपत्र पहिल्या ओळीपासून शेवटच्या ओळीपर्यंत वाचते आणि छापखान्याच्या चुका काढते. मुंबई विद्यापीठाच्या परीक्षेत ती नापास झाली असे कोणी म्हणू शकणार नाही, कारण त्या परीक्षेपर्यंत ती पोहोचलीच नाही.

गोवा विद्यापीठाचा कायदा 1984 चा. प्रत्यक्ष कारभार सुरू झाला 1 जून 1985 रोजी. पहिले कुलगुरू इतिहासकार प्रा. बी. शेख अली. मुंबई विद्यापीठाचे पणजीचे पदव्युत्तर केंद्र नव्या विद्यापीठात सामावून घेतले गेले आणि सगळ्या महाविद्यालयांची संलग्नता मुंबईकडून गोव्याकडे आली. ताळगावच्या पठारावर सव्वाचारशे एकरांहून मोठा परिसर, चित्रकार सतीश गुजराल यांनी आखलेल्या इमारती. तेव्हा नाके मुरडणारेही होते. मुंबईची पदवी ती मुंबईची, एवढ्याशा राज्याच्या विद्यापीठाला बाहेर कोण विचारणार, असे आमच्या लहानपणी वडीलधाऱ्यांच्या तोंडून आम्ही ऐकले आहे. त्यांची शंका अगदीच खोटी नव्हती, नव्या शिक्क्याला वजन यायला वेळ लागतोच.

आणि दैव पाहा. विद्यापीठाला जेमतेम एक वर्ष झाले असेल, 5 जुलै 1986 रोजी मांडवीवरचा पूल कोसळला. पेडणे, बारदेश, डिचोली एका तीरावर आणि नवे विद्यापीठ दुसऱ्या तीरावर. नवा पूल 1992 साली झाला. तोवर बेती-पणजी फेरी, भर पावसात रांग, एका हातात छत्री, दुसऱ्या हातात वह्या. एका विद्यापीठातून काढून दुसऱ्यात घातले तरी मधली नदी तशीच राहते, हे आमच्या भागाला त्या सहा वर्षांत पुरते कळले.

खरा फरक पडला तो त्यानंतर, आणि तो शिक्क्याने नव्हे. 30 मे 1987 ला गोवा राज्य झाले. 1988 साली साखळीला, म्हणजे डिचोली तालुक्यात, सरकारी कला, विज्ञान आणि वाणिज्य महाविद्यालय निघाले. नव्वदच्या दशकात पेडण्यालाही सरकारी महाविद्यालय मिळाले. ते आज विर्नोड्याला आहे आणि त्याला संत सोहिरोबानाथ आंबिये यांचे नाव आहे. सोहिरोबानाथ अठराव्या शतकातले, बांद्याचे कुळकर्णी, नाथपंथी कवी. सीमेच्या दोन्ही बाजूंना त्यांची पदे म्हटली जातात, तेव्हा नाव निवडणाऱ्याने नेमके निवडले. डिचोली शहरात नारायण झांट्ये वाणिज्य महाविद्यालय आले. कॉलेज तालुक्यात आले आणि हिशेब बदलला. सकाळचे तास करून मुलगी दुपारी जेवायला घरी. आतोबांनी विचारले होते ते दोन्ही प्रश्न मिटले. त्याच आतेबहिणीची धाकटी मुलगी विर्नोड्याहून बी. ए. झाली. तिला कोणी विचारले नाही की विद्यापीठ कोणते. घरात पहिली पदवी आली, पेढे वाटले, झाले.

आम्ही स्वतः डिप्लोमावाले. तंत्रनिकेतनाचा कागद विद्यापीठाचा नसतो, त्यामुळे या शिक्क्यांच्या भांडणात आम्ही तसे परकेच. नोकरीला वीस वर्षे झाली तरी एखादे काका अजून विचारतात, "अरे, मग डिग्री कधी करणार?" पण सरकारी टेबलावर बसले की अर्ज वाचायची सवय लागते आणि अर्जावरून पिढ्या दिसतात. बापाचे शिक्षण चौथी, आईचे सातवी, अर्जदार पदवीधर, पत्ता पेडणे किंवा डिचोली तालुक्यातला, कॉलेज साखळी नाहीतर विर्नोडा. असे अर्ज आमच्या शाळेच्या दिवसांत कोणी पाहिले नसतील.

मग आता विलीनीकरणाची चर्चा का खुपते? 2020 च्या धोरणात म्हटले आहे की उच्च शिक्षणाच्या संस्था बहुविद्याशाखीय व्हाव्यात, 2040 पर्यंत प्रत्येकीत तीन हजार किंवा अधिक विद्यार्थी असावेत, आणि संलग्नतेची पद्धत पंधरा वर्षांत टप्प्याटप्प्याने संपावी. विद्यापीठ अनुदान आयोगाने 2022 साली काढलेल्या मार्गदर्शक सूचनांत महाविद्यालयांचे समूह करणे आणि एकशाखीय संस्था विलीन करणे हे मार्ग दाखवले आहेत. सरकारी नोकराने सरकारी धोरणावर टीका करू नये असा नियम आहे आणि तो आम्ही पाळतो. गणित करायला मात्र नियमाची आडकाठी नाही. 2011 च्या जनगणनेत पेडणे तालुक्याची लोकसंख्या पाऊण लाखाच्या आसपास आणि डिचोलीची लाखाच्या आत. पाऊण लाखाच्या तालुक्यातून एका कॉलेजात तीन हजार मुले आणायची कुठून? धोरणात असेही म्हटले आहे की 2030 पर्यंत प्रत्येक जिल्ह्यात किंवा जिल्ह्याजवळ अशी एक तरी मोठी संस्था असावी. बिहार-झारखंडातल्या मोठ्या जिल्ह्यांसाठी हे वरदान ठरेल. पण उत्तर गोवा जिल्ह्याचे मुख्यालय पणजी, आणि पणजीत सगळे आधीच आहे. जिल्हा हे मोजमाप धरले की कागदावर आमचे काम झालेले दिसते. पेडण्याला मोजायचे तर तालुका धरावा लागेल.

दुसरी बाजूही आहे आणि ती मांडली नाही तर लेख एकांगी होईल. लहान कॉलेजात विषय कमी असतात. विर्नोड्याचे महाविद्यालय कला आणि वाणिज्याचे म्हणून वाढले. विज्ञान घ्यायचे तर पेडण्याच्या मुलाला आसगाव, म्हापसा किंवा साखळी. ग्रंथालय लहान, प्रयोगशाळा लहान. चार कॉलेजांनी मिळून विषय वाटून घेतले, एका कॉलेजचे श्रेयांक दुसऱ्यात चालले, तर मुलांचा फायदाच आहे. गोवा विद्यापीठाच्या ग्रंथालयात पांडुरंग पिसुर्लेकरांचा ग्रंथसंग्रह आहे. पिसुर्लेकर सत्तरीतल्या पिसुर्ल्याचे, 1894 चा जन्म, गोव्याच्या इतिहासाची कागदपत्रे उजेडात आणणारा माणूस. त्या संग्रहापर्यंत साखळीच्या विद्यार्थ्याचा हात पोहोचत असेल तर त्याला विलीनीकरण म्हणा की आणखी काही, आम्ही हात जोडू.

भीती आहे ती कागद एक करता करता वर्ग एक करण्याची. याचे उदाहरण दूर दक्षिण आफ्रिकेत आहे. वर्णभेदाची राजवट गेल्यावर तिथे उच्च शिक्षणाच्या 36 सरकारी संस्था एकत्र करून त्यांच्या 23 केल्या. हेतू चांगला होता. गोऱ्यांच्या आणि काळ्यांच्या संस्थांमधली भिंत पाडायची होती. त्यातच 2005 साली ट्रान्सकाय विद्यापीठ आणि दोन तंत्रसंस्था मिळून वॉल्टर सिसुलू विद्यापीठ झाले. त्यातल्या तिन्ही संस्था गरीब भागातल्या. एक परिसर म्थाथाला, दुसरा दोनशेहून अधिक किलोमीटरवर ईस्ट लंडनला. तीन गरिबांचा संसार एकत्र केला म्हणून श्रीमंती येत नाही. 2011 साली ते विद्यापीठ पैशाच्या अडचणीत आले आणि तिथे सरकारला प्रशासक नेमावा लागला. तिथल्या लोकांचे एक मात्र मानले पाहिजे की सगळे परिसर त्यांनी चालू ठेवले.

दूर जायला नको असेल तर सातार्डा किंवा पत्रादेवीचा नाका ओलांडून सिंधुदुर्गात पाहावे. सावंतवाडी, बांदा, दोडामार्ग इथली मुले आणि पेडण्याची मुले एकाच बोलीत भांडतात, एकमेकांच्या जत्रांना जातात. त्यांची महाविद्यालये आजही मुंबई विद्यापीठाला जोडलेली आहेत, विद्यापीठ पाचशे किलोमीटरवर. 2017 साली त्या विद्यापीठाने उत्तरपत्रिका संगणकाच्या पडद्यावर तपासण्याचे ठरवले आणि निकाल महिनोन्महिने रखडले. मुंबईतली मुले निदान मोर्चा घेऊन कलिन्याला गेली. सावंतवाडीच्या मुलाने कुठे जायचे? कोकणासाठी वेगळे विद्यापीठ हवे ही मागणी तिकडे वर्षानुवर्षे चालू आहे. महाराष्ट्राने 2004 साली एकट्या सोलापूर जिल्ह्यासाठी विद्यापीठ दिले, 2011 साली गडचिरोली-चंद्रपूरसाठी गोंडवाना विद्यापीठ दिले. जिथे अंतर फार होते तिथे तोडणे हाच जोडण्याचा उपाय ठरला. 1967 ला फुलाच्या बाजूने कौल लागला असता तर पेडण्याचे कॉलेज आज कदाचित सिंधुदुर्गाच्याच रांगेत असते, असा विचार कधी कधी मनात येतो. हे लिहिताना आमच्या आजोबांचा आत्मा रागावणार हे आम्हाला ठाऊक आहे. त्यांनी फुलालाच मत दिले होते आणि मरेपर्यंत ते त्याबद्दल ठाम होते.

पेडण्यात सध्या मोठमोठ्या गोष्टी येत आहेत. 11 डिसेंबर 2022 रोजी मोप्याचा विमानतळ आणि धारगळची अखिल भारतीय आयुर्वेद संस्था यांचे एकाच दिवशी उद्घाटन झाले. धारगळला देशभरातून मुले येतात, यावीत. अखिल भारतीय संस्थेत जागा अखिल भारतीय परीक्षेने मिळते, ती धारगळच्या मुलाला गाव धारगळ म्हणून मिळत नाही. म्हणजे तालुक्यात संस्था असणे आणि तालुक्याच्या मुलाला संस्था असणे या दोन गोष्टी आहेत. विर्नोड्याचे साधे बी. ए., बी. कॉम.चे कॉलेज ही दुसऱ्या प्रकारची गोष्ट आहे. तिथे विमानतळासारखी कोनशिला नाही, पण बाराही महिने सकाळी सव्वासातला पोरे रस्त्याने जाताना दिसतात.

उद्या कोणी समूहाचा आराखडा घेऊन साखळीला किंवा विर्नोड्याला आलेच, तर आमची सूचना अशी की बैठकीत प्राचार्यांच्या शेजारी कदंबाच्या डेपोचा एक माणूसही बसवावा. कोणत्या विषयाचा तास कोणत्या परिसरात, हे ठरवताना केरी, पालये, हरमल, इब्रामपूर, आणि इकडे मये, पाळी, सुर्ल या गावांतून पहिली गाडी किती वाजता सुटते आणि शेवटची किती वाजता परतते, ते त्याला विचारावे. पदव्युत्तर वर्गांसाठी ताळगावला जाणाऱ्या मुलांना आजही केरीहून निघून म्हापशाला एक गाडी बदलावी लागते आणि पणजीला दुसरी. नदीवर आता पूल आहेत. तरी सकाळी नऊच्या तासाला बसायचे तर घरून सहाला निघावे लागते, आणि चवथीच्या आदल्या दिवशी परतीच्या गाडीत उभे राहायलाही जागा मिळत नाही.